कमानीखाली अडलेला बंब

आग लागली ती भर दुपारी. जांभूळमळ्यातल्या बायका गच्च्यांवर कुरडया घालत होत्या, पुरुषमाणसं पहिल्या शिफ्टला गेलेली. तेवढ्यात जाईबाईच्या इमारतीखालच्या वर्कशॉपातून, जिथे सोफ्यांचा फोम कापतात तिथून, धुराचा असा काळा लोट उठला की समोरच्या गच्चीवरच्या कुसुमताईंना आपल्याच हातातला सोऱ्या दिसेना. जाईबाईची सून अंजली दोन्ही लेकरं घेऊन तिसऱ्या मजल्यावर. जिन्यात खाली धूर कोंडलेला, वाट उरली ती वर गच्चीचीच. कुसुमताईंनी खाली वाकून हाक मारली, "धनेश, शिडी आण! लांब शिडी!"

त्यांच्या मुलाने शिडी आणली, ती या गच्चीवरून त्या गच्चीवर आडवी टाकली, आणि लेकरं, अंजली आणि शेवटी खोकून खोकून डोळे लाल झालेली जाईबाई, अशी सगळी त्या शिडीवरून रांगत अलीकडे आली.

बंब लवकर आला होता, हे कबूल करायलाच हवं. घंटा वाजवत, वाट काढत तो चिखलीच्या मोठ्या रस्त्यावरून वस्तीच्या तोंडापर्यंत आला आणि तिथेच थांबला. तिथे संतद्वार होतं. सिमेंटची भक्कम कमान, वर मधोमध माउली आणि तुकोबांच्या बैठ्या मूर्ती, दोन्ही बाजूंना टाळ-मृदंगाची नक्षी. बंबाच्या टपावरची शिडी कमानीला घासली, थोडा गिलावा पडला, गाडी मागे आली, पुन्हा पुढे झाली, पुन्हा घासली. मग जवान नळ्या खांद्यावर टाकून पळत सुटले. नळीला नळी जोडली, पण लांबणीने पाण्याचा जोर गेला. घराशी येईतो ते बागेला घालावं तसं पडत होतं. वर्कशॉप जळून गेलं, वरचा पहिला मजलाही गेला. माणूस कोणी दगावलं नाही, ही विठ्ठलाची कृपा.

पण कुसुमताईंच्या मनातून तो थांबलेला बंब जाईना. कारण ती कमान त्यांचीच होती.

त्यांची म्हणजे, उभारणीच्या वेळी दारोदार वर्गणी मागत सगळ्यांच्या पुढे त्याच फिरल्या होत्या. परभणीकडून नवऱ्याच्या पाठी इथे आल्या, नवरा फाउंड्रीत लागला, दोन खोल्यांचं घर झालं, पुढे त्यावर मजले चढले, धनेश शिकला, नवरा गेला. आणि या सगळ्यात त्यांना उभं ठेवलं ते कीर्तनाने. कुठे चांगला बुवा आहे असं कळलं की त्या आळंदीची बस पकडून जात. बुवाची पारख त्यांची स्वतःची होती: ज्याचा दृष्टांत घरी चुलीपर्यंत येतो, तो बुवा खरा. गावकीच्या भजनी मंडळाने त्यांना, बाहेरून आलेल्या बाईला, कमानीच्या कामात घेतलं तेव्हा त्यांना वाटलं होतं, आता आपण इथल्या झालो. जाता-येता त्या कमानीला हात जोडत. त्या दुपारनंतरही जोडले, पण जोडलेले हात खाली येताना जड झाले.

चारेक दिवसांनी त्या क्षेत्रीय कार्यालयात गेल्या. तिथे सिद्धेश नावाचा तरुण कनिष्ठ अभियंता होता. सभ्य होता, खुर्ची दिली, पाणी दिलं.

"मावशी, तुमच्या वस्तीचं काम यादीत घेतलंय," तो म्हणाला. "नवी मोठी जलवाहिनी, आणि तिच्यावर दर थोड्या अंतराने बंबाला पाणी घ्यायचे नळ. वस्ती वाढतेय, तीन-तीन मजले चढताहेत, खाली वर्कशॉप. हे व्हायलाच पाहिजे. पण अग्निशमनची अट आहे. आत जायचा रस्ता मोकळा नसेल तर नळ बसवून करायचं काय? येत्या प्रभाग समितीच्या बैठकीत रस्ता मोकळा दाखवता आला तर मंजुरी. नाहीतर मार्चअखेर आहे, काम दुसऱ्या वस्तीला जाईल. त्यांचा अर्ज येऊन पडलाय."

"मग करा की मोकळा."

"कमान आहे ना."

"काढा."

सिद्धेशने पेन खाली ठेवलं. "मावशी, तिच्यावर संत बसलेत. आम्ही हात लावला तर लोकांच्या भावना दुखावतील."

"कोणाच्या?"

"तुमच्याच."

"माझ्या न्हाई दुखावल्या. बोला पुढं."

तो हसला, पण मान हलवत राहिला. "मंडळाने स्वतःहून ठराव दिला पाहिजे. त्याशिवाय साहेब मशीन पाठवणार नाहीत."

"बरं, कमान राहू द्या. रस्ता खाली घ्या. दर निवडणुकीला थरावर थर टाकून तुमच्याच ठेकेदारांनी तो उंच केलाय. आमच्या उंबऱ्यांच्या पायऱ्या गिळल्या त्यानं."

"मीही तेच सुचवलं होतं. पण जुनी पाण्याची लाइन अगदी वरून गेलीय. रस्ता खरवडला तर ती उघडी पडेल. ठराव आणा मावशी. बैठकीच्या आधी."

तुकाराम बीजेचा सप्ताह तोंडावर होता. त्याची तयारी ठरवायला देवळात बैठक होती. मंडळाचे अध्यक्ष रंगराव मध्ये बसले होते, आणि खांबाला टेकून धोंडीबा, ज्यांच्या खांद्यावर दिंडीची पताका असायची. पंगतीचं ठरलं, मंडपाचं ठरलं, आणि कुसुमताईंनी विषय काढला.

मग धोंडीबा सरळ बसले.

"कमान पाडायची? संतांच्या अंगावर हातोडा? आवं ताई, वर्गणी मागाया तुमीच व्हता की पुढं!"

"व्हते. म्हणूनच मी बोलायला उठले."

"त्यापरीस बंब ल्हान आणा म्हणावं. रिक्षाएवढा." हशा पिकला.

"लहान बंब आहे त्यांच्याकडं," कुसुमताई म्हणाल्या. "त्यातलं पाणी फोमवर पडल्या-पडल्या संपतंय. त्या दिवशी तुम्ही होता ना तिथं, धोंडीबा? बादली होती तुमच्या हातात. पुरली का?"

"ते येगळं."

रंगरावांनी घसा खाकरला. ते वाईट माणूस नव्हते. सगळ्यांना राजी ठेवायच्या नादात कोणालाच हो-नाही न म्हणणारे होते. "आसं करू. पालिकेनं पाडली, तर आमी आडवं येणार न्हाई. पर आमच्या तोंडानं 'पाडा' म्हणणार न्हाई."

"ते म्हणतात, तुमच्या तोंडानंच पाहिजे."

"मंग ऱ्हाऊ द्या आहे तसं. पांडुरंग हाय राखणारा."

"पांडुरंगानंच बंब धाडला होता, रंगराव. आपण त्याला वेशीवर उभा केला."

मागून कोणीतरी पुटपुटलं, "दुसऱ्यांसाठी केवढी धडपड बाईची." दुसऱ्यांसाठी म्हणजे कोणासाठी, ते सांगायची गरज नव्हती. कुसुमताईंनी मागे वळून पाहिलं. तिथे सगळे खाली मान घालून बसले होते.

संध्याकाळी जाईबाई आली. इमारतीचा खालचा भाग काळा पडला होता, तरी ती माणसं वरच राहत होती; जाणार कुठे? तिचा मुलगा भीमराज चाकणला ओव्हरटाइम करून नव्या वायरिंगचे पैसे जमवत होता. देवळातली गोष्ट तिच्या कानावर गेली होती.

"कुसुम, तू नको भांडू. उद्या म्हणतील, यांच्यापायी संत खाली उतरवले. आमच्यावर बोट येतं मग. आमचं लेकराबाळांचं घर आहे."

"तुझ्या घराखाली फोम होता. माझ्या घराखाली काय आहे? धनेशचं पावडर कोटिंगचं दुकान, आत गॅसची भट्टी. धोंडीबाच्या भाडेकरूकडं थिनरचे डबे. आग जात पाहून चढती का?"

"आग न्हाई पाहत. माणसं पाहतात."

कुसुमताईंनी चहा गाळला, जाईबाईच्या कपात थोडी जास्त साखर घातली, तिला खोकल्यामुळे गोड गिळायला बरं वाटत होतं म्हणून.

"तू म्हणतीस ते खरं आहे," त्या शेवटी म्हणाल्या. "म्हणून तू नको बोलू. मीच बोलते. माझा देव मला ठाऊक आहे, जाई. तो असा रुसून बसणारा न्हाई."

सप्ताह बसला. कुसुमताई रोज कीर्तनाला पुढच्या रांगेत. मनात एकच आशा: कोणीतरी बुवा आपल्याला हवा तो दृष्टांत देईल. वणव्याचा, वाटेचा, कसलाही. एका बुवांनी गोकुळातल्या गाई सांगितल्या, इतक्या गोड की कुसुमताई रडल्या. पण वणव्यापर्यंत येता-येता वेळ संपला. दुसऱ्या दिवशीच्या बुवांनी तासभर मोबाइलवर टीका केली. शेवटी, काल्याच्या आदल्या दिवशी, त्या थेट काल्याच्या कीर्तनकार बुवांच्या पाया पडल्या आणि सगळं सांगून म्हणाल्या, "महाराज, उद्या गादीवरून दोन शब्द बोला. तुमचं ऐकतील."

बुवा वयाने धनेशएवढेच होते. त्यांनी शांतपणे ऐकलं.

"माउली, मी बोललो तर टाळ्या वाजतील. परवा मी दुसऱ्या गावी, आणि इथे लोक म्हणतील, बाहेरचा बुवा येऊन कमान पाडून गेला. हे गावातल्याच तोंडातून निघायला हवं."

"मला पण बाहेरचीच धरतात."

"किती वर्षं ऐकताय इथं कीर्तन?"

"लेक पाळण्यात होता तवापासून."

"मग कसल्या बाहेरच्या?" असं म्हणून बुवांनी त्यांच्या हातावर बुक्का ठेवला. कुसुमताई घरी आल्या त्या जरा रागावूनच. दृष्टांत मागायला गेले आणि काम घेऊन आले!

काल्याच्या दिवशी सकाळी दिंडी निघाली. पुढे धोंडीबा पताका घेऊन, मागे टाळकरी, मृदंग, मध्ये वीणा गळ्यात घातलेले विणेकरी, पालखी, आणि तुळशीवृंदावन डोक्यावर घेतलेल्या बाया. त्यांत कुसुमताई. मोठ्या रस्त्यावरून प्रदक्षिणा करून दिंडी संतद्वारापाशी आली. धोंडीबांनी नेहमीप्रमाणे पताकेची काठी पुढे झुकवली, टोकाचा गोंडा पार जमिनीला टेकेल इतकी, आणि बायांमधून आवाज आला, "कमानीला नमस्कार घातला हो पताकेनं!" दर वर्षी कोणीतरी हे म्हणायचंच. कौतुकाने म्हणायचं.

आणि कुसुमताईंच्या डोक्यात एकदम लख्ख झालं. बारशाला पाळणा सजवावा तशी पहिल्या वर्षी कमान सजवलेली, त्या स्वतः खाली उभ्या राहून वर बघत होत्या, आणि पताका...

"थांबा!" त्या ओरडल्या. डोक्यावरची तुळस जयमालेच्या, रंगरावांच्या सुनेच्या, हातात देऊन त्या टाळकऱ्यांतून वाट काढत पुढे गेल्या. टाळ अडखळले, थांबले.

"धोंडीबा, पहिल्या साली वाकवली होती का पताका?"

"आँ?"

"कमान नवी होती त्या साली. आठवा. वाकवली होती का?"

धोंडीबा काठी तशीच झुकती धरून उभे राहिले. कपाळावर घाम होता. "न्हाई," ते हळूच म्हणाले. "उभी गेली व्हती. गोंड्याच्या वर मोकळं व्हतं. माझा बा बोलला व्हता, कमान मापात झाली."

"मग कवापासून वाकायला लागली?"

"रस्ता... रस्ता वर आला की वो." त्यांनी खांबाच्या पायथ्याकडे पाहिलं. तिथे दगडी कमळं कोरलेली होती, हे सगळ्यांना माहीत होतं. आता तिथे डांबर होतं, आणि त्यातून एका पाकळीचं टोक वर आलेलं.

"पताका कोणापुढं वाकती, धोंडीबा? तुम्हीच सांगा. सांगता ना पोरांना?"

"पांडुरंगाबिगर कुणापुढं न्हाई."

"आपण डांबरापुढं वाकवतोय. आणि वर नमस्कार म्हणतोय त्याला."

धोंडीबांनी काठी हळूहळू उभी केली. गोंडा कमानीच्या खालच्या कडेला टेकला आणि थांबला. त्यांनी खालचं टोक रस्त्यावर रोवलं आणि दोन्ही हातांनी घट्ट धरलं.

"धोंडीबा, चला की," मागून विणेकरी म्हणाले. "ऊन चढलं. बुवा वाट बघत्यात."

"न्हाई."

"वाकवा आन् चला, एवढं काय!"

"न्हाई वाकवायची म्हणलं ना! इतकी सालं माझ्या हातानं झालं. आता न्हाई."

पुढची हलेनात म्हणून मागची माणसं दाटून आली. लेकरांचे पाय पोळायला लागले. कुणी म्हणालं पताका मागून आणा, कुणी म्हणालं दिंडी मागे फिरवा, त्यावर म्हातारे उसळले की काल्याची दिंडी मागे फिरत नाही. मोठ्या रस्त्यावर टेम्पो अडले आणि भोंगे वाजवू लागले. रंगराव पालखीपाशी उभे होते, ते उपरण्याने मान पुसत पुढे आले.

"धोंडीबा, येड्यावानी करू नगं."

"अध्यक्ष, तुमी सांगा वाकवाया. तुमच्या तोंडानं सांगा, समद्यांसमोर. मंग वाकवतो."

रंगरावांनी तोंड उघडलं, मिटलं. त्यांना आयुष्यात पहिल्यांदा हो किंवा नाही यांतलं एक सांगायचं होतं.

कुसुमताई त्यांच्याजवळ गेल्या. आवाज खाली आणला, कारण चारचौघांत माणसाला कोपऱ्यात धरायचं त्यांच्या स्वभावात नव्हतं. "रंगराव, मूर्ती कोणी फोडायच्या म्हणत न्हाई. उत्तरपूजा करू. वाजतगाजत खाली उतरवू. देवळाच्या सभामंडपात बसवू, तिथं ऊनपाऊस बी लागायचा न्हाई. कमान म्हणजे वाट. ज्या वाटेतून पताका जाईना, बंब जाईना, ती कसली वाट? मी मागितली होती वर्गणी. मीच लोकांच्या दारात जाऊन सांगते, तुमचं पुण्य कुठं गेलं न्हाई म्हणून."

"समदी ऐकतील का?"

"न्हाई ऐकायची. काही शिव्या देतील. मला देतील, तुम्हाला न्हाई."

रंगरावांनी एकदा वर मूर्तींकडे पाहिलं, एकदा धोंडीबांच्या आवळलेल्या मुठींकडे. मग उपरणं खांद्यावर टाकलं.

"वाकवू नगं, धोंडीबा," ते मोठ्याने म्हणाले. "ठराव देतो मी. कमान काढायची."

मागून दोघे-तिघे ओरडले, "आम्हाला न्हाई मान्य!" त्यांच्याशी विणेकरीच भांडायला लागले, वीणा गळ्यात धरूनच. शेवटी दिंडी कमानीतून गेलीच नाही. खांबाच्या बाहेरून, गटाराच्या फरशीवरून, भंगारवाल्याच्या पत्र्याला लागून एकेक माणूस आत गेलं; पालखी आडवी करून काढावी लागली; पण पताका उभीच्या उभी गेली. कीर्तनाला उशीर झाला. बुवांनी काही विचारलं नाही. त्या दिवशी त्यांनी काला असा रंगवला की कमानीवरून रुसलेलेसुद्धा लाह्यांसाठी हात पुढे करून उभे होते.

ठराव बैठकीच्या आधी पोचला. सिद्धेशने दोनदा वाचून घेतला, जणू खोटा असावा. समितीत एकाने विचारलं, "उद्या मोर्चा नाही ना येणार?" तेव्हा प्रेक्षकांत बसलेल्या कुसुमताई उठून म्हणाल्या, "काम झालं नाही तर येईल. मी आणीन." जलवाहिनी आणि नळ मंजूर झाले.

त्यानंतरचे दिवस सोपे नव्हते. त्या दारोदार गेल्या. एका घरी पाणीसुद्धा विचारलं नाही. एका म्हातारीने, "माझ्या मेलेल्या लेकाच्या नावची वर्गणी होती ती," म्हणून तोंडावर दार लावलं. कुसुमताई त्या दारात बसून राहिल्या. दार उघडलं तेव्हा दोघी मिळून रडल्या. उत्तरपूजेच्या वेळी म्हातारीने मूर्तीच्या पायावरचं फूल उचलून डोळ्यांना लावलं आणि गर्दीतून निघून गेली. मूर्ती उतरल्या. मशीनचा ब्रेकर सुरू झाला तेव्हा कुसुमताईंनी डोळे मिटले नाहीत. बघायलाच हवं, असं त्यांना वाटलं.

आणि मग जलवाहिनीचं खोदकाम सुरू होण्याआधी, अग्निशमनवाल्यांनी एके सकाळी मोठा बंब तालमीसाठी आणला. कमानीच्या जागेवरून तो सरळ आत आला. लोक टाळ्या वाजवत बाजूने चालत होते. जाईबाई नातवाला कडेवर घेऊन दारात उभी होती. बंब देवळापाशी वळला, गल्लीत शिरला आणि वळणावर थांबला. चालकाने मान बाहेर काढली. गाडी पुढे-मागे केली. पुन्हा थांबला.

आडवा आला होता तो कुसुमताईंचा ओटा. सासू गेल्यावर नवऱ्याने बांधलेला, शहाबादी फरशीचा, पुढे रस्त्यावर बराच आलेला. रोज संध्याकाळी बायका त्यावर बसून हरिपाठ म्हणत.

धोंडीबांनी संधी सोडली नाही. "काय कुसुमताई? हितं बी ठराव लागंल का?"

धनेश घाईने पुढे आला. "आई, कोपराच फक्त लागतोय. साहेब, जरा तिरपी घेतली गाडी तर..."

"रात्री धुरात तिरपी घेता येईल का, साहेब?" कुसुमताईंनी चालकाला विचारलं.

चालकाने नाही म्हणून मान हलवली.

ओट्यावर चादरीवर कुरडया वाळत घातल्या होत्या. कुसुमताईंनी चादरीची दोन टोकं उचलली; दुसरी दोन जाईबाईने, नातू खाली ठेवून. दोघींनी ती सांभाळून आत नेली.

"धनेश, पहार आण. धोंडीबा, बोललात ना? आता हात लावा." मग त्या बंबाच्या खिडकीशी गेल्या. "साहेब, चहा टाकते. तुम्ही प्या, पण गाडी मागं घेऊ नका. इथून ती पुढंच जाईल."